धारेच्या वेळची हाक

रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळचे साडेदहा. कसबा बावड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी डोळ्यांवर ओढणी बांधून बसले होते. आई मागे उभी राहून कधी माझा जुना हेडफोन, तर कधी चाचणीसाठी मागवलेला महागडा नवा माझ्या कानांवर चढवीत होती. दोन्हींचे वजन आणि गाद्या सारख्याच. मी ओळखायचे, बरोबर आले की आई वाटीत एक शेंगदाणा टाकी. वीस फेऱ्या ठरल्या होत्या.

ध्वनिमुद्रण एकच होते: धार काढायच्या वेळी वडील म्हशीला हाक मारतात. वडील गेल्या पावसाळ्यात वारले. नंतर म्हैसही विकली. ती हाक ऐकून मला काहीच वाटत नव्हते. दोष हेडफोनचा असावा, असे माझे गृहीतक होते. तो नसेल, तर उरलेली शक्यता मला तपासायची नव्हती.

"हाकेत आणि काय नवं-जुनं गं?" आई म्हणाली. "हाक ती हाकच की."

दोन्ही हेडफोन बाहेरच्या बाजूने बंद नसून जाळीचे असल्याने आतला आवाज बाहेरही ऐकू येतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. एकोणिसाव्या फेरीनंतर आईचे हात थांबले. मी ओढणी सोडली. ती गोठ्याच्या दाराकडे तोंड करून उभी होती.

"आता बास कर," ती म्हणाली. "गोठ्यात कोण न्हाय, आणि किती हाका मारत्यात."

मी नवा हेडफोन परत पाठवण्यासाठी खोक्यात भरला. मग वाटीतले शेंगदाणे मोजले. नुसत्या अंदाजानेही तेवढेच आले असते: एकोणीसपैकी नऊ.