तळ्यातली बशी

महाड तालुक्यात पाण्यावर बाग करणारा माणूस एकच झाला, आणि त्याला बागेतली फुलं नकोच होती. आमच्या शेजारच्या चाचांना हवी होती फक्त मुळं. आखातात सांडपाण्याच्या प्रकल्पावर फिटरकी करून ते तुडीलला परतले ते सोनं किंवा टेपरेकॉर्डर घेऊन नव्हे, तर एक वेड घेऊन. गावच्या तळ्यात बाजाराचं गटार येई. चाचांनी रिकामे कॅन बांबूंना बांधून तराफे केले, त्यांवर काथ्या अंथरून कर्दळ आणि वाळा लावला आणि ते तळ्यात सोडले. मुळं पाण्यात लोंबतात, पाणी साफ होतं, एवढंच ते सांगत. लग्नाच्या दावतीतही नवरदेवाला मिठी मारायच्या आधी ते तेलाचे कॅन रिकामे झाले का, हे विचारत. पाणी मोजायला त्यांच्याकडे कड उडालेली एक पांढरी बशी होती. दोरीच्या शिंक्यात बसवून ती तळ्यात सोडायची आणि दिसेनाशी होईतो विती मोजायच्या. कुणी तब्येत विचारली तरी उत्तर येई, "आज दोन वीत."

मी कामगार चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. पंचायतीने मुरूम टाकून तळं बुजवायचं आणि तिथे गाळे काढायचं ठरवलं, तेव्हा माझं रक्त उसळलं. सगळ्यांचं पाणी बुजवणं हा गुन्हा आहे, हे मी आजही म्हणतो. एक मेच्या ग्रामसभेत बशी तीन वीत दिसली तर तळं राहील, एवढं चाचांनी सरपंचांकडून कबूल करून घेतलं. आदल्या दिवशी ते काथ्या आणायला महाडला गेले. मी तोवर पत्रक काढून श्रमदानाला पोरं जमवली. तराफे उलटे केले, तर मुळांवर काळा बुळबुळीत थर. नारळाच्या शेंड्या घेऊन, घोषणा देत, आम्ही एकेक मूळ पांढरंशुभ्र केलं.

संध्याकाळी चाचांनी बशी सोडली. चार बोटांवरच ती दिसेनाशी झाली. ते ओरडले नाहीत. दोरी हाताला गुंडाळत म्हणाले, "अरे बाबा, घाण खातात ते त्या काळ्यातले जीव. मुळं म्हंजे नुस्ती त्यांची चाळ. कामगारांसाठी पत्रकं लिवतोस, नि एका दिवसात सगळ्यांना कामावरनं काढलंस?"

उद्या काहीतरी सबब सांगू, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "बशी खोटं बोलत नाय. मंग मी कशाला बोलू?"

ग्रामसभेत मी हातात कागद न घेता पहिल्यांदाच उभा राहिलो आणि मुळं कुणी घासली ते सांगितलं. सभा पोट धरून हसली. मागून एक म्हातारी म्हणाली, "पोरानं केलान, पोरगाच निस्तरंल. दिवाळीपर्यंत थांबा की रं." सभा थांबायला कबूल झाली. पावसाळाभर मी तराफ्यांची राखण केली आणि रोज बशी सोडून मागे उभ्या चाचांना आकडा सांगितला. मुळांना हात लावायची परवानगी मला नव्हती. दिवाळीत बशी साडेतीन वीत दिसली आणि मुरुमाची गाडी आली तशी परत गेली.

पुढे दोन वर्षांनी चाचा गेले. बशी आता माझ्याकडे असते. दोरीच्या टोकाला, सहाव्या वितीवर, त्यांनी गाठ मारून ठेवलीय. त्यापुढे दोरी लागेलसं त्यांनाही वाटलं नसावं. परवा गाठ बोटांना लागली, दोरी संपली, आणि खाली बशीची उडालेली कड स्पष्ट दिसत होती. आकडा सांगायला मी सवयीने मागे वळलो.