सालिहाची बाही

उस्कुदारच्या धक्क्यामागे, चढावर सालिहाचं घर होतं. भरतकामातला तिचा टाका कापडाच्या दोन्ही अंगांनी सारखाच दिसे. कापड उलटून पाहणाऱ्या खवट सासवाही तिच्यापुढे गप्प बसत. लेक रुकिये सहा वर्षांची झाली, तेव्हा शाळाप्रवेशाच्या मिरवणुकीसाठी सालिहाने तिला लाल झगा शिवला. दोन्ही बाह्यांवर डाळिंबाची फुलं काढण्यात अख्खा हिवाळा गेला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला.

त्या मिरवणुकीत मिस थॉर्न या इंग्रज चित्रकार बाईच्या नजरेत रुकिये भरली. बाई पाण्यापलीकडे, पेरा या परदेशी लोकांच्या वस्तीत उतरलेली. मोडकंतोडकं तुर्की बोलायची. पोरीचं चित्र काढू द्या, म्हणाली. "पोर बसेल," सालिहा म्हणाली, "पण मीही समोर बसणार."

चार दिवसांनी बाईने कुंचला ठेवला. "झालं!"

सालिहा पुढे होऊन वाकली. "बाहीवर हे काय? चेरी ठेचल्यात?"

बाई हसली. "लांबून असंच दिसतं, सालिहा खानम. लोक चेहरा बघतात."

"खरी फुलं कशी होती हे तुमच्या मुलखातल्या लोकांना सांगायला मी येणारे का? त्यांना ही बाहीच दिसणार."

"सगळे चित्रकार असंच काढतात."

"मग सगळेच कामचुकार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी पुन्हा बाईच्या दारात हजर. तिसऱ्या दिवशीही. नवरा इद्रिस होडी वल्हवता वल्हवता कुरकुरला, "एका बाहीपायी किती खेपा घालायला लावशील?"

"होईपर्यंत," सालिहा म्हणाली.

बाई ओल्या फडक्याने रंग पुसे, पुन्हा भरे. पाकळ्या काही वळेनात. "आई, पायाला मुंग्या आल्या," रुकिये रडकुंडीला आली. शेवटी बाईही चिडली. "परवा माझी आगबोट सुटते! आणखी काय हवंय तुम्हाला?"

सालिहाने थैलीतून कापड ताणलेली लाकडी चौकट काढली आणि बाईच्या मांडीवर ठेवली. "धरा सुई."

बाईने दोनदा बोट टोचून घेतलं. धागा गुंतला, तुटला. सालिहाने तिचा हात हातात धरून धागा खालून फिरवून आणला. दुपार कलली तशी बाई एकदम ओरडली, "अस्सं! इथून वळतो होय हा!" मग सुई टाकून तिने कुंचला उचलला आणि ऊन जाईपर्यंत मान वर केली नाही.

सालिहाने चांगला डोळा कागदाजवळ नेला.

"आल्या पाकळ्या. ही उजवीकडची जरा जाडच आहे."

"सालिहा खानम!"

"राहू दे. चालेल."

बाईबरोबर चित्र परदेशी गेलं, ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. त्या वसंतापासून सालिहाने आळीतल्या चार मुलींना हाताखाली घेतलं. कुणाचा टाका चुकला की सगळा उसवायला लावायची. रडलं तरी दया नाही.

एकदा रुकियेने विचारलं, "आई, त्या चित्रात माझं नाक कसं आलं होतं गं?"

सालिहाची सुई क्षणभर थांबली. "नाक? ते मी बघितलंच नाही, बाई," ती म्हणाली आणि पुढचा टाका घातला.