डॅशबोर्डाला अक्रोडाचं लाकूड

दौंडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मी त्यांची जुनी विलायती गाडी विकत घेतली, तेव्हा बायको माझ्याशी धड बोलेना. मी कंपनीतून नुकताच निवृत्त झालो होतो, मुलगी पुण्यात नोकरीला, घरी दोन गाई आणि कांद्याचं रान. त्यात हे धूड कशाला, असं तिचं म्हणणं. गाडी आमच्या गावी, न्हावऱ्याला आणून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये लावली.

इंजिन ठणठणीत होतं. गेला होता तो डॅशबोर्ड. लाकडी फळीवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, त्याला विनियर म्हणतात. इतक्या वर्षांच्या उन्हानं तो तडकून जागोजागी उचलला होता. मी शिरूरहून लाकडासारखं दिसणारं स्टिकर आणलं. ते लावत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि पहिल्यांदाच गाडीत डोकावली.

"हे प्लास्टिक हाय व्हय?"

"लांबनं कळत न्हाई."

"आत बसनारा लांबनं कशाला बघंल?"

 मी स्टिकर काढून टाकलं आणि पुण्याच्या टिंबर मार्केटमधून खरं विनियर आणलं.

फळी खोलून अंगणात घेतली. जुना थर निघता निघेना. ओलं फडकं टाकून वरून गरम इस्त्री फिरवली, तसा आतला सरस मऊ झाला आणि थर सालीसारखा सुटत गेला. इस्त्री बायकोची होती. ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. इस्त्रीचा तळ चिकट झालेला बघून ती भडकली, पण फळीजवळून हलली नाही.

नवं विनियर कापायला मी पट्टी घेतली, तर तिनं ती बाजूला सारली. वर्तमानपत्र फळीवर दाबून मीटरच्या गोल भोकांसकट माप उतरवलं. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले दोन तुकडे होते. त्यातला एक तिनं उलटा करून दुसऱ्याशेजारी ठेवला. डावीकडची रेघ उजवीकडच्या रेघेला बरोबर येऊन मिळाली.

"ब्लाऊजचे पुढचे दोन भाग असेच जुळवायचे असत्यात," ती म्हणाली.

डिंक लावला, वर सपाट फळी आणि त्यावर गव्हाची पोती ठेवली. दोन दिवस हात लावायचा नव्हता. मी दुसऱ्याच सकाळी पोती काढली. मधोमध हवेचा फुगा आला होता. सगळं परत उचकटावं लागणार, असं मला वाटलं. ती आत जाऊन गाईच्या औषधाची सिरिंज धुऊन घेऊन आली. फुग्यावर ब्लेडनं रेघेच्या दिशेनं बारीक चीर दिली, सुईतून डिंक आत सोडला आणि पोती परत ठेवली. आता ती चीर कुठं होती, हे मलाही दाखवता येत नाही.

पॉलिशच्या वेळी साखर कारखान्याचा सीझन चालू होता. हवेतून काजळी पडायची, म्हणून फळी आतल्या खोलीत नेली. कापसाची पुरचुंडी लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवून आम्ही आळीपाळीनं हात मारायचो. एक थर वाळला की पुढचा. हळूहळू लाकडातला तांबूस रंग वर आला. आम्ही बराच वेळ नुसते बघत बसायचो.

गाडी जोडून झाल्यावर आम्ही ती डॉक्टरांना दाखवायला दौंडला नेली. डॉक्टर काठी टेकत खाली आले, स्टिअरिंगमागं बसले आणि लाकडावरून तळहात फिरवला.

"कुणी केलं?"

"आम्ही दोघांनी."

"माझी इस्त्री गेली ह्यात," बायको म्हणाली.

डॉक्टर मोठ्यानं हसले. मग शेजारच्या सीटकडे बघत म्हणाले, "आमची मंडळी कायम इथं बसायची. मला चालवू द्या म्हणायची. मी काही कधी दिली नाही."

परतीच्या वाटेवर पारगावचा पूल ओलांडला, तशी ती म्हणाली, "मला शिकवा की."

"काय?"

"गाडी."

लर्निंग लायसन निघालं तसं आम्ही रानाकडच्या कच्च्या रस्त्यावर सुरुवात केली. क्लच सुटला की गाडी उडी मारून बंद पडायची. बांधावर गवत कापणारे शेजारच्या रानातले म्हातारे आप्पा एकदा ओरडले, "पोरी, म्हशी तरी बाजूला घेऊ का?" ती हसायला लागली आणि हसता हसता गाडी परत बंद पडली.

आता तिच्याकडं पक्कं लायसन आहे. दोरे, बटणं आणायला शिरूरला ती स्वतः गाडी घेऊन जाते. मी शेजारी बसतो. ब्रेक लवकर दाब म्हणावंसं वाटतं, पण म्हणत नाही. ती काच खाली करते आणि उसाच्या रानाकडून येणारा वारा आम्ही दोघं निवांत खात जातो.