बंद पिकअपची गिटार

“हात तुझा, आवाज कीबोर्डचा. कुणाला कळतंय?” मालक म्हणाले आणि पानाला चुना लावायला लागले.

मालक म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांच्या घराखाली एक खोली आहे, तिथं आमचा सराव चालतो. यात्रा, लग्न, गणपती, पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथं बोलावतील तिथं आम्ही जातो. मी गिटार वाजवतो. दिवाळीनंतर माझ्या इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज हळूहळू बसत गेला होता, आणि त्या दिवशी सरावाला तार छेडली तर स्पीकरमधून नुसतं हुंऽऽ आलं. वायर बदलली, दुसऱ्या चॅनलला लावली, बोटानं ठोकून बघितली. हुंऽऽच. तेवढ्यात कीबोर्डवाल्यानं माझ्याकडं न बघता एक बटण दाबलं आणि माझा सुरुवातीचा तुकडा वाजवून दाखवला. गिटारीच्याच आवाजात, एकही सूर न चुकता.

“बिदागी तीच,” मालक म्हणाले. “स्टेजवर गिटार दिसाय पायजे, पब्लिकला बरं वाटतंय. नुसता उभा रा, बोटं हलव.”

मालक वाईट माणूस नाही. त्यांनी मला काढून टाकलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण त्या क्षणी काढून टाकलं असतं तर बरं, असं मला वाटलं. तरीही मी हो म्हणालो. यात्रांचे दिवस तोंडावर होते, आणि एकदा त्या खोलीतून बाहेर पडलो की माझी जागा राहणार नाही हे मला माहीत होतं. बीएस्सी झाल्यावर नोकरीसाठी मी जिथं जिथं गेलो तिथं माझ्याआधी माझ्यासारखे ढीगभर बसलेले असायचे. सकाळी दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती पदवी मी कुणाची मेहेरबानी न घेता घेतली आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. पण गिटार वाजवताना मात्र मला कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. एवढी एकच जागा होती तशी.

पहिल्या मुक्या कार्यक्रमात मी घामानं भिजलो. वायर लावलेली, पण साउंडवाल्यानं माझा चॅनल बंद ठेवलेला. तारा बोटांखाली थरथरत होत्या आणि आवाज माझ्या डावीकडून, कीबोर्डमधून येत होता. लग्नाला गेल्यावर दुसऱ्याच्या पोराचं कौतुक आपल्या नावावर खपवावं, तसं काहीतरी. गाणं संपलं, शिट्ट्या वाजल्या, एका माणसानं स्टेजजवळ येऊन मला हार घातला. मी मान खाली घालून तो घेतला.

दुसऱ्या, तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत घाम यायचा थांबला. ते जास्त वाईट होतं.

त्यातल्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर काढला आणि तो फिरत फिरत आमच्या घरी कबनूरला पोहोचला. वडील तिथंच एका कारखान्यात यंत्रमाग चालवतात. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यानं त्यांना थोडं कमी ऐकू येतं. मी रविवारी घरी गेलो तर ते मोबाईल कानाला लावून बसलेले. मग तो डोळ्यांसमोर धरला, परत कानाला लावला.

“कारखान्यात समद्यास्नी दावला,” ते म्हणाले. “आमचा जॉबर म्हणतोय, पोरगं लई साफ वाजीवतंय. एक धागा तुटाय न्हाय.”

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, कारखान्यातला वजनदार माणूस. त्याच्या तोंडून असं येणं ही साधी गोष्ट नव्हती. मी म्हणालो, “जेवलासा काय?”

“जेवलो की. तू हे बघ, हितं बोटं बघ तुजी कशी पळालीती.”

मी बघितलं. बोटं चांगली पळत होती.

त्याच दुपारी मी बरोबर आणलेली गिटार उघडली. इतके दिवस का उघडली नव्हती? कारण उघडली की काय झालंय ते कळणार, आणि कळलं की पैसे लागणार. पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की गुंडाळीत वीज तयार होते, तोच पुढं आवाज. दहावीच्या पोरांना मी हा धडा शिकवतो. माझ्या गिटारीत असे तीन पिकअप. मल्टिमीटर लावला तर दोन साफ तुटलेले, काटा हलायला तयार नाही, आणि तिसऱ्यात थोडीशी धुगधुगी. टेप सोडवून आत बघितलं. तांबं हिरवं पडलं होतं, आणि हिरव्याच्या कडेला पिवळी भुकटी चिकटून बसली होती. नखानं खरवडून वास घेतला. हळद.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. खंडेनवमी.

आमच्याकडं खंडेनवमीला मागाचं सामान पुजतात. वडील कारखान्यातनं मागाचा आडवा धागा नेणारा धोटा, पाना, कात्री घरी आणतात, पाटावर मांडतात, आई खुरपं-विळा ठेवते. माझी गिटार कॉलेजपासून घरात होती, पण वडिलांनी तिला कधी हात लावला नव्हता. ‘टणाटणा’ हा त्यांचा तिच्यासाठीचा शब्द. यंदा मात्र पाट मांडून झाल्यावर ते मला म्हणाले, “तुजं ते बी आण हिकडं. पोटाचं हत्यार हाय ते.”

मी आणली. त्यांनी ती धोट्याशेजारी आडवी ठेवली. आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी पाटावरच्या सगळ्या हत्यारांवर सारखं वाटून घातलं. कुणाला कमी-जास्त नको म्हणून गिटारीवर जरा जास्तच. लोखंडी पान्याला त्यानं काही होत नाही. रात्रभर सगळं तसंच पाटावर राहिलं, रिवाजच तसा, दसऱ्याशिवाय हत्यार उचलायचं नाही. मी ते पाणी तारांमधून खाली उतरताना बघत होतो. पण वडील पहिल्यांदा तिला हात लावत होते, आणि अशा वेळी कोण मध्ये बोलणार?

आता हे त्यांना सांगायचं कसं? तुम्ही पूजा केली म्हणून माझं हत्यार मेलं? मी टेप परत गुंडाळली आणि वरचा पत्रा लावून टाकला.

मग सुरू झाली पिकअपची शोधाशोध. ती आठवली की अजून डोकं ठणकतं. नावाजलेल्या परदेशी कंपनीचा तीन पिकअपचा जोड माझ्या अख्ख्या जुन्या गिटारीपेक्षा महाग. ते पान मोबाईलवर उघडायचो, बघायचो, बंद करायचो. कोल्हापुरातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार पेटी पुसत होता.

“पिकअप? गिटारीचा? पावणं, तसलं कोण ठेवतंय हितं. बेंजोचा हाय, देऊ काय?”

“बेंजोच्या तारा जवळजवळ असतात. माझ्या गिटारीच्या दोन तारा चुंबकाच्या बाहेर पडतील.”

“मग चारच तारा वाजवायच्या की. मिरवणुकीत कोण मोजतंय?”

“मला सहा वाजवायच्या आहेत.”

“असं हाय व्हय. मग नवी गिटारच घेऊन जावा. सायबासारखं बोलालाय, सायबासारखं घ्या.”

मी रागानं बाहेर आलो. राग त्याचा नव्हता. दुकानाच्या पायरीवर उभं राहून खरंच हिशेब केला, चार तारांवर काय काय वाजेल याचा.

कॉलेजातला एक मित्र हुपरीला घरच्या कारखान्यात चांदीची पैंजणं करतो, इतक्या बारीक कड्या जोडतो की बघताना डोळ्यांत पाणी यावं. त्याच्याकडं तुटलेला पिकअप नेला. म्हटलं, तुटलेलं टोक सापडलं तर सोल्डरचा डाग देऊन जोडता येईल. त्यानं भिंगातून बघितलं आणि हसला. “भावा, ही तार न्हाय, जळमाट हाय. हात लावला की दुसरीकडं तुटालंय.” चहा पाजून परत पाठवलं.

राहिलं ऑनलाइन. तिथं दोन रस्ते होते. एक, बिननावाचा चिनी जोड, तीन पिकअप, पत्र्यावर बसवून, वायरी जोडून तयार. नुसते दोन डाग द्यायचे, झालं. किंमत माझ्या आवाक्यात. खाली लोकांनी लिहिलेलं वाचलं. कुणी म्हणत होतं पैसे वसूल, कुणी म्हणत होतं डब्यात चिल्लर वाजल्यासारखा आवाज. दुसरा रस्ता, साधारण तेवढ्याच पैशांत एकच पिकअप, पण चांगला, दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी बसवलेला. एकीतला हुंकार दुसरी खोडून काढते, म्हणून जनरेटर आणि लाइटच्या गर्दीतसुद्धा तो शांत राहतो. यात्रेतल्या स्टेजवर मागं जनरेटर धडधडत असतो, वर लाइटांची माळ. मला तेच हवं होतं. पण एक म्हणजे एकच. बाकीचे दोन मेलेले तसेच राहणार.

तीन की एक? तुम्हाला हसू येईल, पण मी शिकवणीत पोरांना गणित घालून खाली मान घालून हेच बघत बसायचो. स्वस्त जोडाचे व्हिडिओ ऐकायचे, तेही मोबाईलच्या फुटक्या स्पीकरवर. त्यात सगळेच पिकअप सारखे वाजायचे. एकदा चुकलं की संपलं, कारण डाग दिलेला माल परत घेत नाहीत आणि दुसऱ्यांदा घ्यायला माझ्याकडं काही उरणार नव्हतं. इकडं प्रत्येक कार्यक्रमागणिक मालकांना सवय होत चालली होती. कीबोर्डवाला आता माझे तुकडे थोडे वाढवून, सजवून वाजवायला लागला होता. मला त्याच्याकडं बघून बोटं हलवावी लागत.

शेवटी मी एकच घेतला. तीन पडेल आवाज घेऊन उभं राहायचं तर कीबोर्ड काय वाईट होता?

तो आला त्या दिवशी मी शिकवणीला सुट्टी दिली. जुना काढला, नवा बसवला. उंची थोडी जास्त झाली, स्क्रू पिळून खाली घेतला. मागून आणलेल्या छोट्या स्पीकरला वायर लावली आणि तार छेडली. आवाज आला. जुन्या आवाजासारखा नव्हता तो, जाड होता, थोडा उर्मट. पण माझ्या बोटातून आला होता. मी खाली फरशीवर बसलो आणि बराच वेळ एकच तार वाजवत राहिलो.

पुढचा कार्यक्रम सीमेकडच्या एका गावच्या यात्रेत होता. संध्याकाळी स्टेज लागत असताना मी साउंडवाल्याला म्हणालो, “माझा चॅनल उघड.”

त्यानं मालकांकडं बघितलं. मालकांनी कीबोर्डवाल्याकडं बघितलं. कीबोर्डवाला म्हणाला, “मला काय, तेवढीच बोटं वाचली.”

“दोन गाणी बघू,” मालक म्हणाले.

जनरेटर सुरू झाला, लाइट लागल्या. तारांना हात नसताना गिटारीतून हुं नाही की चूं नाही. पिकअपची निवड बरोबर होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात बोट अडखळलं. मग त्या अडखळण्याच्या भीतीनं पुढच्या ओळीतही अडखळलं. इतके दिवस नुसती हलवलेली बोटं होती ती. चुकली तरी कुणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून हळूहळू ती चुकायलाच शिकली होती, आणि मला ते कळलंच नव्हतं. आता सगळ्या गावाला ऐकू आलं. पुढं बसलेल्या बायकांतली एक दुसरीला काहीतरी म्हणाली.

तिसरं गाणं सुरू झालं तसं माझ्या गिटारीचा आवाज गेला. साउंडवाल्याची बोटं माझ्या चॅनलवर होती आणि नजर मालकांवर. डावीकडून गिटार वाजायला लागली, साफ, एक धागा न तुटता.

मी तारांवरून हात काढले आणि दोन्ही बाजूला सोडून उभा राहिलो. मालक पडद्याआडून खुणावत होते, हात हलव, हात हलव. मी त्यांच्याकडं बघितलं आणि तसाच उभा राहिलो. सगळं गाणं. लोकांना आधी काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, “आरं गिटारवाल्या, झोपलास काय?” आणि हशा पिकला.

सामान गाडीत भरताना मालक जवळ आले. मला वाटलं, झालं.

“माज लई हाय तुला.”

“हाय.”

“शिकलेल्याचं हेच असतंय.” त्यांनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं. “आसं कर. तुझी दोन गाणी तू वाजीव, खरी. बाकीच्या टायमाला खाली बस. स्टेजवर नगं. बिदागी निम्मी.”

मी हो म्हणालो.

अजून तसंच चालू आहे. दोन गाण्यांना वर जातो. बाकी वेळ स्टेजखाली, वायरींच्या पेटीवर बसून, बंद गिटारीवर बोटं घोटत राहतो. वरून कीबोर्डमधली गिटार ऐकू येते. ती अजूनही माझ्यापेक्षा चांगली वाजते.