अक्कांनी दुरुस्त केलेला सिनेमा

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, पाहिलेला सिनेमा कधी होता तसा सांगत नसत. पडद्यावर विहिरीत बुडून मेलेली नायिका अक्कांच्या तोंडी आली की हमखास पोहून वर यायची. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "इतकी मोठी केली, तर तिला पोहायला शिकवाया काय झालतं?"

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. उदगीरला स्टेशनाजवळ सिनेमाचा तंबू लागायचा. आम्ही बायका जनान्याच्या कनातीआड बसायचो, तिथून निम्मं दिसायचं आणि निम्मं ऐकू यायचं. त्यात भाषा उर्दू. माझे वडील नांदेडला कचेरीत कारकून, त्यामुळे मला ती घरातच आली होती. अक्कांना बाजारापुरती यायची. उरलेलं त्या पदरचं भरायच्या आणि भरताना हात आखडता घेत नसत.

एकदा खुनाचा सिनेमा आला. हवेलीत जमीनदार मारला जातो. जखमी म्हातारा पहारेकरी दाराकडे बोट दाखवून, "वो आई थी," एवढंच बोलतो आणि प्राण सोडतो. सगळा संशय काळ्या बुरख्यातल्या बाईवर. आम्ही श्वास रोखून बसलेल्या. शेवटी खुनी कोण, तर शेवटच्या पाच मिनिटांत उगवलेला मुनीम! ती बुरखेवाली कोण, कशाला आली होती, काही पत्ता नाही. अक्का घरापर्यंत धुमसत होत्या. "ज्याचं तोंड बी बघितलं न्हाई, त्यानं खून केला म्हनं. लबाड मेले!"

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवया वळायला शेजारणी जमल्या आणि अक्कांनी सिनेमा दुरुस्तीला घेतला. मुनीम पार काढून टाकला. सिनेमात नसलेली एक लहान मुलगी हवेलीत आणून बसवली. "म्हातारा मरताना काय बोलला? ती आई व्हती! जमीनदारानं पोर कोंडून ठिवल्याली. आई बुरखा घिऊन रोज खिडकीशी यिऊन राहिलती. पोरीला ठावं न्हवतं, पर ती येत व्हती." अक्कांचा आवाज संथ, जात्यावर बसल्यासारखा. ऊन अंगणातून सरकत गेलं, शेवया खाटेवर वाळत गेल्या, कुणाला घरची आठवण नव्हती. शेजारच्या गिरजाबाई पदराने डोळे पुसत होत्या. पडद्यावरचा सिनेमा मलाही आठवेनासा झाला.

चूक मला कळली होती, पण बोलायचं धाडस होईना. अक्का चार वर्षांच्या असताना त्यांची आई माहूरला देवीला म्हणून गेली, ती परतलीच नाही. पोर टाकून गेली, असं लोक बोलायचे. अक्का त्यावर अवाक्षर काढत नसत.

पण उर्दूचा तोरा मोठा वाईट. बायका गेल्यावर मी बोलून गेलेच. "अक्का, उर्दूत 'आई' म्हणजे आई नव्हे. 'वो आई थी' म्हणजे ती आली होती." बोलले आणि जीभ चावली. त्या बिचारीला एका दुपारपुरती आई मिळाली होती, तीही मी शहाणीने काढून घेतली.

खाटेवरच्या शेवया उलटणारा अक्कांचा हात थांबला. "आई म्हंजी आली?"

"हो."

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्या दाराकडे बघत बसल्या, मग हळूच हसल्या. "लई बेस हाय गं त्येंची बोली. माझ्यापाशी आई म्हंजी गेली. त्येंच्यात आली."

तेव्हापासून दारात कुणी बाई दिसली की अक्का मला आत वर्दी द्यायच्या, "आई बघ!" सासूबाई त्याने कायम गोंधळायच्या आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो.

पुढे निजामी गेली, तंबूही गेला. आम्ही लातूरला बिऱ्हाड केलं, अक्का उदगीरलाच राहिल्या. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी धावत गेले, तेव्हा त्या कुणाला ओळखत नव्हत्या. मी उशाशी बसून हात हातात घेतला. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "आई."

जमलेली माणसं हळहळली. केवढंही वय झालं तरी माणूस शेवटी आईलाच हाक मारतं, असं कुणीतरी म्हणालं. पण अक्का हसत होत्या, त्या दुपारी हसल्या होत्या तशा. मला उर्दू येते. मी मागे वळून दाराकडे पाहिलं.