रजिस्टरात नसलेला योहान

बासष्ट साली आमची कंपनी उत्तरेच्या डोंगरात होती. मी नाईक किसन मोरे, बेंबळीचा. वरच्या पोस्टवर आम्ही एकोणीस जण. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात तयार, सातला चहा, आठला पेट्रोल, म्हणजे गस्त. पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचं. माणशी दिवसाला एक बाटली, तीही कोटाच्या आत ठेवायची, न्हायतर गोठायची.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक शंकर लोंढे होता. अणदूरकडचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. त्याची आई सखूबाई ख्रिस्ती झालेली. ह्याचीही शिकवण पुरी झाली होती, योहान हे नावसुद्धा ठरलं होतं. बाप्तिस्मा तेवढा राहिला होता. तो रजेत व्हायचा होता. रजा मंजूर झाली आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या.

आई दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, त्या प्रत्येक पत्रात एकच धोशा. 'बाप्तिस्म्याबिगर तारण न्हाय. तू तसाच गेलास तर मी तुला वर कुठं हुडकू?' शंकर ते मोठ्यानं वाचून हसायचा. मग नीट घडी करून खिशात ठेवायचा.

वर चढण्याआधी बेस कॅम्पात एक पादरी साहेब भेटीला आले होते. तीस-एक जवान बसलेले. शंकर उभा राहिला.

"साहेब, वर काही झालं आन् पादरी नसला तर?"

"मरणाची वेळ असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. डोक्यावर पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे."

"कुणीबी? हा आमचा किसनदादा खंडोबाचा भक्त हाय."

"तोही चालेल. हेतू खरा हवा."

सगळे हसले. शंकर हसला न्हाय. त्यानं मला ते शब्द पाठ करायला लावले, रोज सकाळी दाढी करताना म्हणून घ्यायचा. मी म्हणायचो, "गड्या, माझ्या हातून तरलास तर खंडोबा माझा कान धरंल." तो म्हणायचा, "त्याला माझं नाव सांग."

त्या दिवशी पेट्रोलला आम्ही सहा जण होतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी समोरच्या कड्यावरून फायर आला. शंकरच्या पोटात गोळी लागली. मी त्याला ओढत खडकाआड घेतला. बाकीचे चौघे जवाबी फायर देत होते. मी वायरलेस घेतला.

"एक जखमी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"दोन तास लागतील. होल्ड करा. ओव्हर."

पहिली पट्टी भिजली, दुसरी भिजली. माझ्या खिशात अणदूरच्या खंडोबाचा भंडारा होता, आईनं पुडीत बांधून दिलेला. आमच्याकडं कापलं की हळद दाबतात. मी अख्खी पुडी जखमेत दाबली. रक्त काही थांबलं न्हाय.

"दादा, पाणी."

पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नसतं. मी नको म्हणालो.

"प्यायला न्हाय," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आमच्या गावच्या आडावर त्याच्या जातीच्या माणसांना आम्ही पाणी वरून ओतायचो, शिवाशिव नको म्हणून हात लांब धरून. मीही ओतलंय, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी त्याची टोपी काढली, डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्यानं बाटली वाकडी केली.

"पाहिजे ना तुला?"

"व्हय."

"योहान, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो."

आमेन तोच म्हणाला. नऊ पन्नासला तो गेला. स्ट्रेचर अकरा दहाला आलं.

लढाई थांबल्यावर मला रजा मिळाली. बेंबळीला दोन दिवस काढून मी शंकरच्या गावी गेलो. सखूबाईला सगळं सांगितलं. ती रडत रडतच मला गावच्या चर्चच्या पाळकांकडं घेऊन गेली. तिला मुलाचं नाव बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात हवं होतं. पाळक भला माणूस होता. म्हणाला, "बाप्तिस्मा कुणी दिला, असा रकाना आहे. तिथं हिंदूचं नाव मी माझ्या मनानं कसं लिहू? तुमच्या त्या पादरी साहेबांनी लिहून दिलं, तर लगेच नोंदतो."

मी पत्र लिहिलं. रिपोर्ट पुरा द्यायचा, ही फौजेची सवय. म्हणून भंडाऱ्याचंही लिहिलं. तिथंच चुकलं माझं.

रजा संपायला चार दिवस असताना उत्तर आलं. पाळकांनी वाचून दाखवलं. 'हिंदू जवानास अशी मुभा दिल्याचे मला स्मरत नाही. ज्या हाताने भंडारा लावला, त्या हाताचा हेतू ख्रिस्ती कसा मानावा? नोंद करू नये.'

स्मरत नाही! तीस जणांसमोर म्हणाले होते, आणि स्मरत नाही! माझ्या तोंडून शिवी गेली, पाळकांच्या घरात. समोरच्यानं गोळी घातली, तो दुश्मन होता, त्याचा मला एवढा राग न्हाय. हा आमचा माणूस होता. ह्याच्या शब्दावर शंकरनं मान पुढं केली होती. वरून कुणी जाब विचारला असंल, साहेब घाबरले असतील. असतील बापडे. मी आजवर त्यांना माफ केलेलं न्हाय.

रजिस्टर मिटलं. घराशी आल्यावर सखूबाई म्हणाली, "दादा, खरंच डोक्याला हात लावला व्हता तुमी?"

"व्हय, माय."

तिनं घरातलं बायबल आणलं. पहिल्या पानावर घरच्यांच्या बाप्तिस्म्याची नावं होती. "लिवा." मी लिहिलं: योहान शंकर लोंढे. देणारा, नाईक किसन मोरे, बेंबळी. तिला वाचता येत न्हवतं. ती त्या ओळीवर बोट फिरवत बसली.

पण त्या पत्रानं तिच्या मनात किडा सोडला तो सोडलाच. मी रजेवर आलो की ती विचारायची, "शब्द बरोबर म्हनला व्हता ना?" चार वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. तिनं निरोप धाडला. मी गेलो तेव्हा पाळक तिच्या उशाशी बसले होते.

"दादा, ते शब्द म्हना की एकदा."

मी सावधान उभा राहिलो आणि म्हटले. एकही शब्द चुकलो न्हाय. पाळकांनी मान खाली घातली. ती आमेन म्हणाली.

"घावंल का वो त्यो मला?"

मला काय ठाऊक? ज्यांना ठाऊक होतं त्यांना स्मरत नव्हतं.

"घावंल, माय," मी म्हणालो. "पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर शंकर कोरलंय. वर गेल्यावर तुमी योहान म्हणून हाक मारा. ओ देईल."