वुताईवरचा नवस

"पुरावा?" असं म्हणून दादा अंगठा आणि तर्जनी अशी काही धरत, की आपलं बोलणं आता कॅलिपरच्या जबड्यात सापडलं म्हणून समजावं. अंबडच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तयार माल तपासण्यात गेली. नापास करायची सवय हाताला इतकी लागली, की संध्याकाळी गेटवर ठेवून येता आली नाही. कॉलनीतली भाजी, लग्नं, पुढारी, सगळं ते तपासत आणि बहुतेक परत पाठवत. मी त्यांची शेजारीण, मध्ये फक्त एक भिंत, त्यामुळे माझीही तपासणी रोजची.

रिक्षावाल्याने "पांडवलेणी का, काका?" म्हटलं की संपलंच. "पांडव कधी राहिले तिथे? पुरावा? त्रिरश्मी म्हणा. बुद्धलेणी आहेत ती." एकदा एक रिक्षावाला म्हणाला, "काका, पांडव ऱ्हायले का नाय मला ठाऊक नाय, पन मागचे दोन सीट खोळंबलेत." दादा तावातावाने उतरले आणि उन्हातून चालत निघाले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, रिक्षातच बसून राहिल्या आणि त्यांच्या आधी पोचल्या.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. आमचा मात्र विहाराचा अध्यक्षही होता. आमची कॉलनी सगळी बौद्धांची. रविवारी पांढरे कपडे घालून वंदनेला जमायचं, ही जुनी रीत. त्यात दादांनी एका नियमाची भर घातली: जो नवस बोलताना सापडेल, त्याने महिनाभर विहार झाडायचा. कोपऱ्यावरची सुमनबाई वणीच्या देवीच्या गडावरून हिरव्या बांगड्या भरून आली आणि सापडली. तिने महिनाभर झाडलं, आणि झाडता झाडता दादांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

गंमत अशी की वहिनींचं माहेर वणीजवळचंच. त्यांच्या हृदयाची झडप बिघडली, जिना चढताना धाप लागायला लागली, ऑपरेशन ठरलं. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.

"माझी आई गडावर नवस बोलायची. मी बोलू का?"

"बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना, देव-देवी मानणार नाही म्हणून?"

"हायेत."

"मग?"

"मग काय. भ्या वाटतंय, म्हनून इचारलं."

 

नेमकं त्याच वेळी कंपनीने त्यांना चीनला धाडलं, विकत घ्यायचं मशीन तपासायला. ते नाही म्हणत होते. वहिनींनीच बॅग भरली. "जावा. मी कुठं पळून चालले?"

सुट्टीच्या दिवशी तिथल्या कारखान्याच्या माणसांनी पाहुण्याला वुताईला नेलं. बौद्धांचा पवित्र डोंगर, पाच सपाट माथ्यांचा, आणि त्याच्या कुशीत विहारच विहार. परत आल्यावर रविवारी वंदना झाली आणि दादांनी मोबाइल विहाराच्या टीव्हीला जोडला. अख्खी कॉलनी सतरंजीवर. वहिनी भिंतीला टेकून.

"हे बघा," दादा म्हणाले, "हजार वर्षांच्या वरचं लाकूड. एक खिळा नाही. तुळईत तुळई अडकवलीय, वर एवढं कौलांचं ओझं. मी बोटाने वाजवून बघायला गेलो, तर रखवालदाराने शिट्टी मारली." पुढे पांढराशुभ्र स्तूप, पिवळ्या भिंती, लाल वस्त्रांतले लामा, करड्या वस्त्रांतले चिनी भिक्खू. तो डोंगर दादांनी चक्क पास केला होता. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

पण लगेच गाडी रुळावर आली. "बांधकाम पास, माणसं नापास. अर्धा चीन तिथे नवसाला! सिंहावर बसलेला मंजुश्री बोधिसत्त्व म्हणजे प्रज्ञा, बुद्धी. तर पोरं त्याच्याकडे मार्क मागतात. दुकानदार गिऱ्हाईक मागतात. आणि फेडायला काय, तर देवळापुढे नाटक लावतात! एका म्हातारीला मी मोबाइलमधून चिनी भाषेत विचारलं, मागितलेलं मिळतं, पुरावा काय? तिने माझ्या हातात उदबत्त्या कोंबल्या आणि मोबाइल बोलला, आधी धर, मग बोल."

आम्ही पोट धरून हसलो. "आता छताचा व्हिडिओ," म्हणून त्यांनी बटण दाबलं. सोबतच्या चिनी माणसाने तो काढून पाठवला होता. दादांनी प्रत्येक फोटो तपासला होता. व्हिडिओ मात्र सुरुवातीचा तेवढा बघून सोडून दिला होता. उभ्या नोकरीत असा नमुना त्यांच्या हातून सुटला नसेल.

आधी तुळया दिसल्या. मग कॅमेरा खाली आला. दारासमोरच्या गादीवर, म्हाताऱ्यांच्या रांगेत, उदबत्त्या कपाळाला लावून आमचे अध्यक्ष गुडघ्यांवर बसले होते. सगळ्या चिनी कलकलाटात मराठी स्वच्छ ऐकू आली.

"हिला बरं कर. बाकी मी बघतो."

दादा रिमोट बडवत होते, टीव्ही बंद होईना. मागून सुमनबाई ओरडली, "पुरावा!" आणि विहार हसून हसून कोसळला. दादांनी कुणाकडे न बघता कोपऱ्यातला झाडू घेतला आणि आम्ही बसलेलो असतानाच झाडायला सुरुवात केली. "म्हातारीने हातात दिल्या," ते सतरंजीला सांगत होते, "मग टाकून कुठे देणार?" वहिनी पदराने डोळे पुसत हसत होत्या. इतकं सुंदर हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. "नवस पावला, दादा, आता तमाशाचा फड लावा," असं आम्ही छळत असू. "डॉक्टर पावला. टाके मोजून घ्या," दादा म्हणत. पण महिना भरेपर्यंत झाडू त्यांनी सोडला नाही.

गेल्या वर्षी दादांच्याच पोटात गाठ निघाली. वहिनी आता दोन-दोन पायऱ्या चढत होत्या. त्या गडावर जायला निघाल्या, पिशवीसुद्धा भरली. दादा खाटेवरून म्हणाले, "जाऊ नकोस. माझ्यासाठी म्हणून तरी नको." वहिनींनी पिशवी रिकामी केली. पावसाळ्याच्या शेवटी दादा गेले.

दादांसाठीच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत आली होती. माणसं पांगल्यावर मी आणि वहिनी तेवढ्या उरलो. मी म्हटलं, मला दादांची फार आठवण येते. कुणी नापास करत नाही, त्याने करमत नाही. वहिनींनी मान हलवली. पातळाची किनार बोटांनी सारखी केली.

"त्यांनी माझ्यासाठी प्रतिज्ञा मोडली, अन् मी त्यांच्यासाठी पाळली," त्या म्हणाल्या. "मी जिवंत हाय. सांगा ना ताई, मी गडावर जायला पायजे होतं का?"